घरांवर देखरेख ठेवणाऱ्या खुर्च्या : रेरा सदस्यपदाची तयारी, इंदूरहून

आमच्या रामबागेतल्या घरी, देवघराच्या खणात, एक पिवळी पडलेली पावती आहे. वडिलांनी एका गृहनिर्माण संस्थेत प्लॉटसाठी पैसे भरले होते, त्याची. गोल शिक्का आहे, सदस्य क्रमांक आहे, खाली पेनाने केलेली सही आहे. प्लॉट मात्र मिळाला नाही. दर दिवाळीच्या आधी वडील ती पावती खिशात घालून संस्थेच्या कार्यालयात जायचे आणि "यादी लागणार आहे म्हणे" असं सांगत परत यायचे. इंदुरात जुन्या मराठी घरांमध्ये अशा पावत्या कमी नाहीत. पुढच्या पिढीने तेच डायरीवर भोगलं: कॉलनाइझरच्या, म्हणजे कॉलनी पाडून प्लॉट विकणाऱ्याच्या, डायरीच्या पानावर प्लॉटचा नंबर, फुटांचा हिशेब, रोख भरलेली रक्कम. करार नाही आणि रजिस्ट्री नाही.

वकिली सुरू केल्यापासून माझं बरंचसं काम याच प्रकरणांचं आहे. तहसील, सहकारिता विभाग आणि २०१७ पासून रेरा, म्हणजे घरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं स्थावर संपदा नियामक प्राधिकरण. गेल्या काही वर्षांत एक प्रश्न वारंवार येतो. महापालिकेतले इंजिनिअर, सीए, नगरनियोजन शिकलेली मुलं, चाळिशीतले वकील विचारतात: "ताई, या क्षेत्रात वरच्या पदावर जायचं तर तयारी कुठून करायची?" बहुतेकांनी पात्रतेचं कलम वाचलेलं असतं आणि ते तिथेच थांबलेले असतात. मला वाटतं खरी तयारी त्या कलमानंतर सुरू होते. आदेश लिहिणारे पुष्कळ आहेत, दिलेला आदेश अमलात आणून दाखवणारे फार थोडे. हा लेख दुसऱ्या प्रकारचं व्हायची इच्छा असणाऱ्यांसाठी आहे.

आधी खुर्च्या ओळखा

परवडणाऱ्या घरांवर देखरेख ठेवणारी एकच एक संस्था आपल्याकडे नाही. काम वाटलेलं आहे, आणि कोणतं काम कोणाकडे हे माहीत नसेल तर कुठे जायचं हेही ठरत नाही.

मध्यभागी आहे भोपाळचं, मध्य प्रदेशचं रेरा प्राधिकरण. २०१६च्या रेरा कायद्याची काही कलमं १ मे २०१६ला आणि उरलेली १ मे २०१७ला लागू झाली. प्राधिकरणात एक अध्यक्ष आणि किमान दोन पूर्णवेळ सदस्य असतात. त्याच्याच छताखाली न्यायनिर्णय अधिकारी असतो, जो नुकसानभरपाई ठरवतो आणि जो आजी किंवा माजी जिल्हा न्यायाधीशच असावा लागतो. वर अपील न्यायाधिकरण. त्याच्याही वर उच्च न्यायालय, म्हणजे आपल्यासाठी इंदूर खंडपीठ.

रेराच्या बाहेर महापालिकेचे आयुक्त आणि त्यांच्या हाताखालचा कॉलनी सेल, बांधकाम परवानगी शाखा, जिल्हाधिकारी, टीएनसी म्हणजे नगर व ग्राम निवेशचं कार्यालय, आणि गृहनिर्माण संस्थांसाठी सहकारिता विभागाचे उपायुक्त. वडिलांच्या पावतीसारखं प्रकरण रेराकडे जात नाही. ते १९६०च्या राज्य सहकारी कायद्याच्या कलम ६४ खाली, सहकारिता विभागातच चालतं. नवीन वकील हे चुकतात आणि अशिलाची दोन वर्षं जातात.

आता मुलाखतीला जाणाऱ्यांनाही बऱ्याचदा माहीत नसलेली एक गोष्ट. इंदूर विकास प्राधिकरण आणि हाऊसिंग बोर्ड या सरकारी संस्था आहेत म्हणून त्या नियामकाच्या बाजूच्या, असा समज आहे. कायद्यात ‘प्रवर्तक’ या शब्दाच्या व्याख्येत विकास प्राधिकरणं आणि इतर सार्वजनिक संस्था स्पष्टपणे घातल्या आहेत. त्यांनी विकायला घरं बांधली किंवा प्लॉट पाडले की त्या बिल्डरच्याच रांगेत उभ्या राहतात. ज्या दिवशी तुम्ही सदस्य म्हणून बसाल, त्या दिवशी समोर तुमच्याच जुन्या खात्याचा अधिकारी उत्तर द्यायला उभा असू शकतो. ही कल्पना तुम्हाला अवघड वाटत असेल तर आत्ताच स्वतःशी नीट विचार करा.

आणि एक पोकळी. भाड्याने दिलेलं घर रेरात येत नाही, कारण ‘वाटपग्राही’ म्हणजे घर किंवा प्लॉट घेणारा, या शब्दाच्या व्याख्येतून भाडेकरू वगळला आहे. सरकारने भाड्याची घरं बांधून गरिबांना दिली, तर त्या भाडेकरूला रेराचं दार नाही. मध्य प्रदेशात भाड्याचे वाद अजून मुख्यतः १९६१च्या स्थान नियंत्रण कायद्याच्या चौकटीत चालतात. पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे, म्हणून हा प्रश्न येत्या काळात वाढणार. ज्याला या क्षेत्रात स्वतःचं काहीतरी मांडायचं आहे त्याने इथे अभ्यास करावा असं मी आवर्जून सांगते.

वयाचा आणि वर्षांचा हिशेब

रेरा कायद्याचं कलम २२ वाचताना कागद-पेन घेऊन बसा. अध्यक्षाला किमान २० वर्षांचा आणि सदस्याला किमान १५ वर्षांचा अनुभव हवा. क्षेत्रांची यादी रुंद आहे: नगरविकास, गृहनिर्माण, पायाभूत सुविधा, अर्थशास्त्र, नियोजन, कायदा, वाणिज्य, लेखा, उद्योग, व्यवस्थापन, समाजसेवा, प्रशासन आणि संबंधित तांत्रिक विषय. समाजसेवा हा शब्द तिथे आहे, तो वाचून सोडून देऊ नका. वस्त्यांमध्ये पंधरा-वीस वर्षं काम केलेला माणूस कायद्याने पात्र ठरू शकतो.

शासकीय सेवेतून येणाऱ्यांसाठी अट कडक आहे. राज्य सेवेतल्या माणसाला अध्यक्ष व्हायचं तर केंद्रातल्या अतिरिक्त सचिवाच्या बरोबरीचं पद, आणि सदस्य व्हायचं तर राज्याच्या सचिवाच्या बरोबरीचं पद भूषवलेलं असावं लागतं. म्हणजे कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेला शासकीय माणूस, त्याचं काम कितीही चोख असो, थेट सदस्य होत नाही. अपील न्यायाधिकरणाच्या तांत्रिक सदस्यासाठी कायद्याची भाषा वेगळी आहे: क्षेत्रातला किमान २० वर्षांचा अनुभव, किंवा केंद्रातल्या अतिरिक्त सचिवाच्या दर्जाचं पद. त्या ‘किंवा’मुळे इंजिनिअरांसाठी एक दार उघडं राहतं.

मुदत पाच वर्षं किंवा वयाची ६५, जे आधी येईल ते. त्याच पदावर दुसऱ्यांदा नेमणूक नाही. ६३व्या वर्षी बसलेल्याला दोनच वर्षं मिळतात, आणि पहिलं वर्ष फायली समजून घेण्यातच जातं. पूर्ण मुदत हवी असेल तर साठीच्या आत अर्ज केलेला बरा. न्यायाधिकरणाचं अध्यक्षपद उच्च न्यायालयाच्या आजी-माजी न्यायाधीशांसाठी आहे, त्यांना ६७पर्यंत बसता येतं. तिथल्या इतर सदस्यांची मर्यादा ६५च.

निवड तिघांची समिती करते: उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती, गृहनिर्माण पाहणाऱ्या खात्याचे सचिव, आणि विधी सचिव. तीन माणसं तीन वेगळ्या गोष्टी शोधत असतात. न्यायमूर्ती तुमचा तोल बघतात, खात्याचे सचिव तुम्हाला जमिनीचं आणि परवानग्यांचं काय कळतं ते, आणि विधी सचिव तुमच्या आदेशाला अपिलात किती भोकं पडतील ते. हे माझं निरीक्षण आहे, नियम नव्हे.

पहिल्या फळीत बहुतेक वरिष्ठ प्रशासक आले. आपल्याकडे माजी मुख्य सचिव अँटनी डिसा पहिले अध्यक्ष होते, महाराष्ट्रात गौतम चॅटर्जी होते. त्यावरून ही खुर्ची फक्त आयएएससाठीच आहे असं समजून मागे हटू नका. सदस्यपदांसाठी कायद्याने दार जाणूनबुजून रुंद ठेवलं आहे.

कायदा वाचा, पण फायलीच्या क्रमाने

कलमं पाठ करून उपयोग होत नाही. एक प्रकल्प डोळ्यासमोर आणा आणि जन्मापासून शेवटापर्यंत त्याच्या मागे चाला.

जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आहे किंवा आठाहून जास्त घरं आहेत, तर नोंदणी हवी. नोंदणीशिवाय जाहिरात नाही, विक्री नाही. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही. डायरीचा सगळा धंदा या एका वाक्याखाली बेकायदा ठरतो. घर घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि त्याच प्रकल्पाच्या बांधकामावर व जमिनीवर खर्च करायचे. काढताना इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए या तिघांचे दाखले हवेत. सीए मित्रांना मी सांगते की तुमचं सगळं बळ इथे आहे. बँक खात्याचे उतारे आणि जागेवरचं बांधकाम शेजारी ठेवून फरक दाखवू शकणारा सीए कुठल्याही प्राधिकरणाला हवाच असतो.

नकाशा बदलायचा तर दोन तृतीयांश वाटपग्राहींची संमती. ताब्याला उशीर झाला तर कलम १८: पैसे परत हवेत तर व्याजासकट परत, घर हवं असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज. ताबा मिळाल्यावर पाच वर्षांत बांधकामात, कारागिरीत किंवा सेवांमध्ये दोष दाखवला, तर प्रवर्तकाने ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचं.

दंडाचा चढता क्रमही एकदा मनात बसवा. नोंदणी टाळली तर प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत, आणि तरीही ऐकलं नाही तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा आणखी १० टक्के, किंवा दोन्ही. प्राधिकरणाचा आदेश मोडला तर रोजचा दंड, एकूण ५ टक्क्यांपर्यंत. न्यायाधिकरणाचा आदेश मोडला तर पुन्हा तीन वर्षांपर्यंत कैद.

११ नोव्हेंबर २०२१चा सर्वोच्च न्यायालयाचा न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणातला निकाल मुळातून वाचा. परतावा आणि व्याज प्राधिकरणाने ठरवायचं, नुकसानभरपाई न्यायनिर्णय अधिकाऱ्याने. एका सदस्याला अधिकार सोपवता येतात. आणि मूळ रक्कमसुद्धा महसुली थकबाकीसारखी वसूल करता येते. अपील करणाऱ्या प्रवर्तकाने आधी रक्कम भरायची ही कलम ४३(५)ची अटही त्याच निकालात टिकली. मुलाखतीत या निकालावर प्रश्न आला नाही तर मला नवल वाटेल.

घर बघायला शिका

वर बसणाऱ्या माणसाला गिलावा कळला पाहिजे. हे कोणत्याही कलमात नाही, म्हणून मी जरा विस्ताराने सांगते.

शहराबाहेरच्या, दुर्बल घटकांसाठी बांधलेल्या एका इमारतीत मी एका तक्रारीसाठी गेले होते. तिसरा मजला. बाई घरोघरी स्वयंपाकाला जाणाऱ्या, मूळच्या खांडव्याकडच्या, मराठी बोलणाऱ्या. त्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "ताई, बसू नका आधी. भिंतीला हात लावा." न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर मी तळहात टेकवला. थंड आणि ओली. हात काढला तर रंगाचा पोपडा बोटांना चिकटून आला. पलंग त्यांनी भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवला होता. दहा बाय दहाच्या खोलीतला हातभर म्हणजे काय, ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं. नातू खोकत होता. वरच्या घरातल्या नळाला पाणी आलं तसा भिंतीच्या आत आवाज झाला, आणि बाई त्या आवाजाकडे बोट करून गप्प उभ्या राहिल्या.

फायलीत त्या तक्रारीचं वर्णन होतं: ‘किरकोळ सीपेज’.

म्हणून एक सवय लावून घ्या. वर्षातून निदान बारा वस्त्या बघा, त्यातल्या निम्म्या पावसाळ्यात. जिन्यात दिवा आहे का, टाकीपर्यंत शिडी आहे का, ड्रेनेजची झाकणं शाबूत आहेत का, लिफ्ट असेल तर तिच्या देखभालीचा करार कोणाच्या नावावर आहे, आगीच्या पाइपात पाणी आहे की तो नुसता लाल रंगाने रंगवला आहे. रहिवाशांना विचारताना "त्रास काय आहे?" असं विचारलं की ते सगळं सांगतात आणि हाती काही लागत नाही. "पाणी किती वाजता येतं, किती वेळ राहतं?" असं विचारलं की उत्तर नोंदता येतं.

इंदूरकरांना यासाठी लांब जावं लागत नाही. अरण्य वसाहत पाहा. बाळकृष्ण दोशींनी विकास प्राधिकरणासाठी आखलेली, सुमारे ८५ हेक्टरवरची, साडेसहा हजारांच्या आसपास घरांची ही वसाहत. १९९५ला तिला आगाखान पुरस्कार मिळाला. तिथे गरिबांना पूर्ण घर दिलं नव्हतं. प्लॉट आणि त्यावर शौचालयासह पाण्या-ड्रेनेजची मूळ सोय दिली, वरचं घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवलं. आज गल्लीत उभं राहून कुठली घरं वाढली, कुठली विकली गेली, ओटे आणि चौक काय झाले ते पाहिलं की परवडणारं घर ताबा दिल्यानंतर कसं जगतं याचा धडा मिळतो. त्याच दिवशी कनाडिया भागातला लाइट हाऊस प्रकल्प बघा. १ जानेवारी २०२१ला पायाभरणी झालेली १,०२४ घरं, पोलादी सांगाड्यात तयार सँडविच पॅनेल बसवून उभारलेली. विटांच्या भिंतीची ओल ओळखणाऱ्याला पॅनेलच्या सांध्यातली गळती लगेच ओळखता येत नाही. दोन्ही शिकावं लागतं.

आदेशाचं पुढे काय होतं

आता मुख्य भाग.

समजा तुम्ही सदस्य आहात आणि पंचेचाळीस दिवसांत रक्कम व्याजासह परत करा असा आदेश दिला. मुदत गेली, पैसे आले नाहीत. कलम ४० प्रमाणे ती रक्कम महसुली थकबाकी म्हणून वसूल व्हायची. प्राधिकरण वसुली प्रमाणपत्र काढतं, बोलीभाषेत आरआरसी. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसीलदाराकडे, आणि मग १९५९च्या भू-राजस्व संहितेप्रमाणे मागणीची नोटीस, जप्ती, लिलाव. कागदावर ही वाट सरळ आहे.

प्रत्यक्षात प्रमाणपत्र तहसीलमध्ये बस्त्यात बांधून पडतं. एका प्रकरणात मी कारकुनाशेजारी बसून फाईल उलटली. प्रमाणपत्रावर बिल्डरचा पत्ता होता तो साइट ऑफिसचा. पत्र्याची शेड, दोन वर्षांपूर्वीच उखडलेली. नोटीस तीन वेळा त्या पत्त्यावर गेली आणि तीन वेळा ‘आढळ नाही’ असा शेरा येऊन परतली. त्या कंपनीच्या नावावर त्याच तहसिलीत दुसऱ्या गावी शेतजमीन होती. खसरा, म्हणजे जमिनीचा सर्व्हे क्रमांक, मी पटवाऱ्याकडून (तलाठ्याकडून) काढून अर्जासोबत जोडला, तेव्हा फाईल हलली. तो खसरा आदेश लिहितानाच आदेशात असता, तर माझ्या अशिलाचे सतरा महिने वाचले असते.

म्हणून ज्याला नेतृत्व करायचं आहे त्याने आदेश लिहिण्याची पद्धत पहिल्या सुनावणीपासून बदलावी. प्रवर्तक पहिल्यांदा हजर होईल तेव्हाच शपथपत्र मागा: नोंदणीकृत पत्ता, संचालक किंवा भागीदारांची नावं आणि घरचे पत्ते, बँक खाती, प्रकल्पातली न विकलेली घरं, इतर जमिनींचे खसरे. माहिती आणि कागद मागवण्याचा अधिकार कलम ३५ने दिलेला आहे, दिवाणी न्यायालयासारखा. प्रकरण चालू असताना न विकलेली घरं विकून टाकली जातील अशी भीती असेल तर कलम ३६ खाली अंतरिम मनाई. अंतिम आदेशात रक्कम आकड्यात लिहा, व्याज कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या दराने ते लिहा, आणि एक तक्ता जोडा, म्हणजे तहसीलदाराला स्वतः हिशेब करावा लागणार नाही. ‘नियमानुसार व्याज’ एवढंच लिहिलेला आदेश तहसीलमध्ये पोचला की तिथला माणूस तो बाजूला ठेवतो. त्याचं चुकत नाही, त्याला आकडा हवा असतो.

दुरुस्तीचा आदेश असेल तर आणखी बारकाईने. ‘गळती दूर करावी’ असं लिहू नका. कोणत्या घराची कोणती भिंत, कोणता पाइप, कोण तपासणार, किती तारखेला. त्या स्वयंपाकाला जाणाऱ्या बाईंच्या प्रकरणात दुरुस्ती म्हणून भिंतीवर नुसता रंग मारला गेला आणि पूर्ततेचा अहवाल दाखल झाला. पावसाळा आला तशी ओल परत आली. तपासणी एका पावसाळ्यानंतर करावी एवढं एक वाक्य आदेशात असतं तर हे टळलं असतं.

यापुढचं काम खुर्चीच्या बाहेरचं आहे. दर महिन्याला जिल्हावार वसुलीची यादी तयार करा: किती प्रमाणपत्रं गेली, किती रक्कम आली, सर्वात जुनं कोणतं. ती यादी घेऊन जिल्हाधिकाऱ्यांना प्रत्यक्ष भेटा. महसुलाचं त्यांचं काम आधीच डोक्यावर असतं, तुमची वसुली त्यांच्या मासिक आढाव्याच्या कागदावर यावी एवढं करून घेतलं तरी फरक पडतो. आणि यादी जाहीर करा. कोणाचा आदेश किती दिवस पडून आहे हे लोकांना दिसलं पाहिजे.

प्रकल्पच बुडाला असेल तर परतावा मागून उपयोग नसतो, कारण तिजोरी रिकामी असते. अशा वेळी कलम ८ कामाला येतं. नोंदणी संपली किंवा रद्द झाली की प्राधिकरण राज्य शासनाशी सल्लामसलत करून उरलेलं काम पूर्ण करून घेऊ शकतं, आणि रहिवाशांच्या संघटनेला ते काम स्वतः घ्यायचा पहिला हक्क आहे. पन्नास कुटुंबांना एका टेबलाभोवती बसवून, कोण किती भरणार हे ठरवून, अर्धवट इमारत पुरी करून घेणं हे मी पाहिलेलं या क्षेत्रातलं सर्वात कठीण काम आहे. इथे समाजसेवेतून आलेला सदस्य वकिलापेक्षा सरस ठरतो.

इंग्लंडकडे एक नजर

घर भाड्याचं आणि मालक सामाजिक संस्था, अशी व्यवस्था इंग्लंडमध्ये मोठी आहे, आणि तिथे त्यासाठी स्वतंत्र नियामक आहे. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२०ला अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे गेला. त्याच्या आईवडिलांनी तक्रार केलेली होती. त्याआधी १४ जून २०१७ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ माणसं गेली होती. या दोन घटनांनंतर २०२३चा सामाजिक गृहनिर्माण नियमन कायदा आला. आता हजाराहून जास्त घरं असलेल्या मालक संस्थांची साधारण चार वर्षांतून एकदा तपासणी होते, सी-१ ते सी-४ अशी श्रेणी जाहीर होते, दंडाला वरची मर्यादा उरलेली नाही. ऑक्टोबर २०२५ पासून तातडीचा धोका २४ तासांत हाताळायचा आणि ओल-बुरशीची गंभीर तक्रार दहा कामकाजाच्या दिवसांत तपासायची, असं घड्याळच कायद्याने लावून दिलं आहे. वरिष्ठ अधिकाऱ्यांना गृहनिर्माणाची ठरावीक पात्रता मिळवणंही बंधनकारक होत आहे.

आपल्याकडच्या उमेदवाराने यातून घड्याळ उचलावं. आपल्या कायद्यातही ३० दिवस आणि ६० दिवस असे आकडे आहेत. प्राधिकरणाने प्रश्न शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कलम २९च म्हणतं. मुलाखतीत "तुम्ही काय बदलाल?" असं विचारलं तर मोठ्या गोष्टी न बोलता ओलीच्या तक्रारीसाठी तुम्ही कोणतं वेळापत्रक लावाल ते सांगा.

अर्जाची फाईल

जाहिरात आली की मुदत थोडी असते, म्हणून फाईल आधीच तयार ठेवा. अनुभवाचा दाखला वर्षानुसार, प्रत्येक वर्षासमोर काम आणि पुरावा. वकिलांनी स्वतः चालवलेल्या पाच-सहा प्रकरणांचे निकाल, त्यात हरलेलं एक तरी असू द्या. इंजिनिअरांनी तपासणी अहवाल. समाजसेवेतल्या लोकांनी वस्तीतल्या कामाच्या नोंदी आणि लेखापरीक्षण अहवाल. मला सर्वात उपयोगी वाटतो तो सराव म्हणजे एखाद्या जुन्या प्रकरणाचा आदेश स्वतः लिहून पाहणं, तोही हिंदीत. भोपाळला काम हिंदी-इंग्रजीत चालतं. आपण इंदूरचे मराठी लोक हिंदी बोलतो सफाईने, पण कार्यालयीन हिंदीत चार पानं लिहायची म्हटली की अडखळतो. रोज एक पान लिहा.

मालमत्तेबद्दल स्पष्ट बोलते. इंदुरात नोकरदार मराठी माणसाच्या नावावर कुठे ना कुठे एखादा प्लॉट असतोच, आणि मेहुण्याचा नाहीतर चुलतभावाचा कॉलनीत भागही असतो. सगळं आधीच लिहून द्या. कामावर परिणाम होईल असा आर्थिक हितसंबंध निर्माण झाला तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या चौकशीनंतर पदावरून काढता येतं. पद सोडल्यावरही ज्यांचा या कायद्याखालच्या कामाशी संबंध आला अशा संस्थांमध्ये नोकरी धरता येत नाही, आणि ज्या प्रकरणात प्राधिकरणासाठी काम केलं किंवा सल्ला दिला असेल, त्यात कोणाच्या वतीने उभं राहता येत नाही. निवृत्तीनंतर बिल्डरकडे सल्लागार व्हायचं मनात असेल तर हा मार्ग धरू नका.

आणि नेमणूक झाली, तर पहिल्या सकाळी हार-तुरे आटोपल्यावर वसुली शाखेतून सर्वात जुनं, न वसूल झालेलं प्रमाणपत्र मागवून घ्या. पहिल्या पानावर प्रवर्तकाचा पत्ता काय लिहिला आहे ते बघा. तो साइट ऑफिसचा असेल तर त्याच दिवशी पटवाऱ्याकडून खसरे मागवा, आणि ज्याने तक्रार केली होती तो माणूस अजून हयात आहे का, हे फोन करून विचारा.